दहा ठिपके आणि माझी सही

आज प्रयोगशाळेत माझ्या पीएचडीच्या गाईड सरांनी सगळ्यांसमोर मला झापलं.

आमच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत क्वासिक्रिस्टल सापडलं, म्हणजे अणूंची शिस्तबद्ध पण कधीच जशीच्या तशी फिरून न येणारी रचना, असा पेपर त्यांना आजच पाठवायचा होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्याची खूण, दहा ठिपक्यांचं वर्तुळ, दिसली होती. पण पाच साधे स्फटिक चिकटून वाढले, तरी तसंच वर्तुळ दिसतं. मी म्हटलं, "सर, आधी लहान भागावर तपासू. साधे स्फटिक असतील तर तिथं वर्तुळ मोडेल."

"लई शहाणी हायस. परीक्षक काय कोल्हापुरात बघायला येणार हाय व्हय?"

मला आत्यानं घरीच शिकवलं. उत्तर बरोबर आलं तरी ती ताळा करायला लावायची. मी सहलेखक म्हणून पेपरवर सही केली नाही.

"मग दुसरा गाईड बघ."

म्हणून विचारते, कुणी गाईड सुचवाल का? तपासणीला न घाबरणारा हवा.