आई बसली की गाडी बंद

आमच्या ह्यांनी सेकंडहँड गाडी घेतली आणि महिन्याभरात माझी आई पांढऱ्या पायाची ठरली.

गाडीला रोगच तसा होता. आम्ही नवरा-बायको फिरलो तर काही तक्रार नाही. पण अंगानं भरलेली आमची आई मागच्या सीटवर बसली, की पेट्रोलचा काटा धपकन शून्यावर, दोन-चार आचके आणि गाडी बंद! टाकी भरलेली असो नाहीतर नसो. आई बिचारी आपणहून उतरायची, लांब एखाद्या लिंबाखाली जाऊन उभी राहायची. ती उतरली की गाडी चालू. मग हे नुसतं "हंऽऽ" म्हणायचे. त्या "हं"नं माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

हिंगोलीच्या मेकॅनिकनं गिअरबॉक्सवरचा सेन्सर बदलला, आणखी काय काय बदललं. त्याच्या दारात गाडी कधी बंद पडलीच नाही. पडेल कशी? आई कुठं सोबत होती! शेवटी तोही म्हणाला, "साहेब, एखाद्याचा पायगुण असतो."

पुढं बहिणीच्या पोरीचं लग्न निघालं, आखाडा बाळापूरला. आई म्हणाली, "तुमी व्हा पुढं. मी एष्टीनं येते. लग्नात माझ्यामुळं अपशकुन नको." आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

मग मात्र माझं डोकं सणकलं. अंगणात सोयाबीनचं पोतं पडलेलं होतं. ते ह्यांच्याकडूनच उचलून घेतलं, आईच्या जागेवर बसवलं आणि म्हटलं, "चला, मारा चक्कर."

कोपऱ्यावर काटा शून्यावर. गाडी बंद.

"बोला आता! सोयाबीनबी पांढऱ्या पायाचं का?"

पोतं उतरवलं, गाडी चालू झाली. मग पुढं आम्ही गाडीत आणि मागून पोतं ऑटोत, अशी वरात मेकॅनिककडे गेली. त्यानं पोतं बसवलं, गाडी बंद पडली, तेव्हा कुठं त्यानं सीट उचकटली. खाली पेट्रोलच्या टाकीकडे जाणारी वायर सीटच्या पत्र्याखाली चेपत होती. वजन पडलं की तुटायची, उठलं की जुळायची. एवढंच! त्यानं ती बाजूला घेऊन नीट बांधली.

लग्नाच्या दिवशी आई अंग चोरून मागं बसली. गाडी छान चालली. कळमनुरी मागं पडली आणि आचके! गाडी बंद. आईनं दाराला हात घातला.

"थांब आई. अहो, पेट्रोल कधी टाकलं होतं?"

"काटा तर उठसूट शून्यावर जायचा," हे पुटपुटले, "म्हणून मी बघणंच सोडून दिलं."

काटा आताही शून्यावरच होता, पण पहिल्यांदाच खरं बोलत होता. पंप समोरच दिसत होता. मी स्टेअरिंग धरलं. हे लग्नाच्या सफारीत घाम गाळत मागून ढकलायला लागले.

"आई, तुमी जरा उतरता का?"

आईनं दारावरचा हात काढला, ऐसपैस मांडी घातली, काच खाली केली आणि म्हणाली, "हंऽऽ."