मागच्या सीटवरची स्टेपनी

जुन्या गाड्या पाळणाऱ्या माणसाशी लग्न केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते घरातच साठतात, माळ्यावरच्या सामानासारखे, आणि टाकून द्यायला काढले तरी एखादा हातात राहतोच. आमच्या ह्यांची अॅम्बॅसडर आहे. डोंबिवलीतले असेच आणखी चार-पाच जण रविवारी सकाळी कोपरला एका मोकळ्या प्लॉटवर गाड्या आणतात आणि एकमेकांच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे राहतात. आम्ही बायका पोहे पुरवतो आणि हसतो. निदान पूर्वी तरी हसायचो.

आज सांगते ते सगळे किस्से त्यांच्यातल्याच विलासभावजींच्या जुन्या फियाटचे, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचे. खरं म्हणजे तिच्या स्टेपनीचे.

*

पेट्रोल झेपेना म्हणून भावजींनी पद्मिनीला सीएनजी बसवला. सिलिंडरने अख्खी डिकी खाल्ली आणि स्टेपनीला जागाच उरली नाही. मेकॅनिक म्हणाला, "टपावर कॅरियर टाकू साहेब, त्यावर बांधा." साधी गोष्ट होती. पण भावजींचा चेहराच पडला.

"कॅरियर? टॅक्सी दिसेल ती! माझ्या वडिलांची गाडी आहे. लोक हात दाखवून थांबवतील मला."

आमच्या ह्यांनी लगेच री ओढली. "कॅरियर लावलास तर रविवारी जरा लांबच उभी कर."

मग स्टेपनी मागच्या सीटवर गेली. सीटला डाग पडू नयेत म्हणून खाली एक गोधडी आली. शैलाच्या, म्हणजे भावजींच्या बायकोच्या आईने स्वतः शिवलेली. शैला मला म्हणाली, "आईने जावयाला थंडी वाजते म्हणून पाठवली होती."

*

एकदा पनवेलला लग्न होतं. शैलाने हट्टाने स्टेपनी घरी ठेवायला लावली आणि नेमका शीळफाट्याला टायर फाटला. भर दुपारची वेळ, दोन्ही बाजूंनी ट्रेलर. भावजी रिक्षा करून स्टेपनी आणायला घरी गेले आणि शैलाला गाडीजवळ बसवून गेले. ट्रॅफिकमधून परत यायला संध्याकाळ झाली. भरजरी साडीतली शैला घामाने भिजली होती, घोटभर पाणीही मिळालं नव्हतं तिला.

भावजी धावत आले आणि म्हणाले, "कोणी घासून तर नाही ना गेलं?"

त्या दिवसापासून नियम झाला. स्टेपनीशिवाय गाडी गल्लीच्या बाहेर जायची नाही.

*

शैलाची आई मुरबाडच्या पुढे, गावी मुलाकडे राहायची. ती पडली, खुब्यात रॉड घातला. पाय काही वाकेना. प्रवास करायचा तर अख्खी सीट हवी, पाय लांब करून बसायला. लेकीचं लिफ्टवालं नवं घर तिने पाहिलं नव्हतं आणि तिला ते एकदा बघायचं होतं. दुसरं काही मागितलं नाही तिने. फोनवर म्हणायची, "जावईबापूंच्या गाडीतून येईन गं."

शैला म्हणाली, "अहो, भाड्याची गाडी करू."

"दारात गाडी असताना भाड्याची? गावात काय म्हणतील?"

"मग मी घरी थांबते. माझ्या सीटवर स्टेपनी ठेवा आणि मागे आईला घेऊन या."

भावजींनी विचार केला. अगदी मनापासून केला, हे मी पाहिलंय. मग म्हणाले, "पुढचं रेक्झिन आत्ताच नवं घातलंय गं."

*

हा प्रश्न रविवारी प्लॉटवर आला. काय उत्साह होता सगळ्यांना! एकाने बंपरला ब्रॅकेट सुचवलं, दुसऱ्याने ते ओरिजिनल नाही म्हणून खोडून काढलं. आमचे हे टेप घेऊन मागच्या सीटवर आडवे झाले आणि तिथूनच ओरडले, "वहिनी, आजींची उंची किती? पाय थोडा दुमडला तर दोघी बसतील." दोघी म्हणजे आजी आणि स्टेपनी. पाय दुमडत नाही म्हणूनच तर हे सगळं चाललं होतं!

शैलाने पोह्यांचा डबा बॉनेटवर ठेवला. "सिलिंडर काढून टाका ना."

भावजी समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, आरटीओत त्याचं पासिंग झालंय."

*

पावसाळा संपता संपता ठाण्याला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. परीक्षक आत वाकून बघतात, तेव्हा सीटवर टायर चालणार नाही. आणि नियम तर पाळायचा. मग भावजींना युक्ती सुचली. डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत पुढे पद्मिनी आणि मागून रिक्षा. रिक्षात शैला आणि तिच्या शेजारी स्टेपनी.

बक्षीस मिळालं. 'उत्तम जतन केलेली गाडी.' फोटोत शैला नाही, ती गेटबाहेर टायर सांभाळत होती. मला इतका संताप आला की मी टाळ्याही वाजवल्या नाहीत.

घरी परतायला रिक्षात बसण्याआधी ती भावजींना शांतपणे म्हणाली, "ही रिक्षा मुरबाडला पण येते का हो?"

बक्षिसाची ढाल रुमालाने पुसत भावजी म्हणाले, "बघू. दिवाळीनंतर नक्की."

*

दिवाळीच्या आधीच एका सकाळी गावाहून फोन आला. शैलाची आई गेली.

आम्ही दोघं आमची गाडी घेऊन भावजींच्या बिल्डिंगपाशी पोचलो. भावजी खाली उभे होते. स्टेपनी त्यांनी काढून जिन्याच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. मागची सीट रिकामी होती आणि ते ती ओल्या फडक्याने पुसत होते, पुसलेलीच पुन्हा पुसत होते. मला त्यांची कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला.

शैला लिफ्टने खाली आली. गाडीचं मागचं दार उघडं होतं, तिने आत पाहिलं. मग ती भिंतीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी स्टेपनी ढकलत गाडीपर्यंत आणू लागली. भावजी मदतीला धावले, तिने हात लावू दिला नाही. एकटीने उचलून ती सीटवर टाकली.

"अगं, आज राहू दे ना ती," भावजी म्हणाले.

शैलाने दार लावून घेतलं आणि हात पदराला पुसले.

"आता आईच्या दारात रिकामी सीट घेऊन कशी जाऊ?"