तीर्थाला पाणी म्हणालो

मी महादेवावर रुसलो होतो, हे आधीच कबूल करतो. राणीसावरगावच्या शिवारातल्या एका लहानशा देवळाची पूजा आमच्या घराकडे आहे. चाळीस वर्षं मी रोज पिंडीवर अभिषेक केला, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आठवड्याच्या आत माझाच उजवा डोळा आतून पिकला. परभणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जंतू डोळ्याच्या आत शिरलेत. नुसत्या थेंबांनी भागणार नाही, अँटिबायोटिक सुईनं आतच सोडावं लागेल."

डोळा बधिर केला होता, तरी सुई येताना दिसली तेव्हा देवाचं नावसुद्धा तोंडात आलं नाही. त्यांनी आतला थोडा द्रव तपासायला काढला, औषध सोडलं आणि मला दवाखान्यातच ठेवून घेतलं. दोन दिवसांनी तपासून त्या म्हणाल्या, "हवा तसा उतार नाही. उद्या पुन्हा इंजेक्शन देऊ. तरी आटोक्यात आलं नाही तर डोळा काढावा लागेल. खरं सांगा बाबा, डोळ्यात पाणी गेलं का?"

"नाही," मी म्हणालो.

खोटं बोललो असं मला वाटलंच नाही. पाणी जाऊ देऊ नका असं त्यांनी बजावलं होतं, आणि तीर्थाला मी जन्मात कधी पाणी म्हटलं नव्हतं. डोळे आले की गावातले लोक माझ्याकडूनच तीर्थ नेतात. तेच मी थेंबांच्या रिकाम्या बाटलीत भरून आणलं होतं आणि ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवसापासून रोज डोळ्यात घालत होतो. इंजेक्शननंतरही घातलं. ठणका वाढला की थेंब वाढवायचो. मनात पाल चुकचुकायची, नाही असं नाही. पण तीर्थानंच डोळा नासवला म्हटलं तर माझ्याजवळ उरलं काय? डोळा गेला तर जाऊ दे, निदान देव तरी राहावा, इतका मी हताश झालो होतो.

शेजारच्या खाटेवर मानवतच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांचंही डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, गळ्यात बुद्धाचं लॉकेट. मी बाटली काढलेली त्यांनी पाहिली.

"काय टाकायलाव बाबा डोळ्यात?"

"तीर्थ हाय. महादेवाचं."

"डाक्टरीनबाईला ठाव हाय का?"

"न्हाई."

"मंग लपवायलाव कशाला? तुमच्या देवानं काय चोरी केली का?"

मला रडू फुटलं. बाटली घेऊन मी तसाच डॉक्टरीणबाईंसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्या लय रागावल्या. मग त्यांनी बाटली तपासायला पाठवली. डोळ्यातले जंतू आणि बाटलीतले जंतू एकच निघाले. इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यांना काय लावत आलो, हा विचार आजही पाठ सोडत नाही.

दुसऱ्या इंजेक्शननंतर ठणका उतरला. डोळा काढावा लागला नाही, पण नजर गेली ती गेलीच. अंधार-उजेड तेवढा कळतो. तरी मी महादेवाचे उपकारच मानतो. माझा देव न मानणाऱ्या बाईच्या तोंडून त्यानं मला हटकलं, असं मी समजतो. मी त्याला शरण गेलोय असं आयुष्यभर सांगत होतो, आणि वेळ आली तेव्हा त्याची अब्रू मीच सांभाळत बसलो होतो. देवाला त्या राखणीची गरज नव्हती.

परवा गावातली एक सून डोळे आले म्हणून देवळात आली. पदर डोळ्याला लावून म्हणाली, "बाबा, तीर्थ द्या."

पळी हातात होती. ती मी परत तांब्यात ठेवली.

"पाणी हाय ते, माय. डोळ्याला लावू नको. दवाखान्यात जा."

ती गेल्यावर मी भीत भीत पिंडीकडे वळलो. डावा डोळा हातानं झाकला. उजव्या डोळ्याला समईचा उजेड कळत होता.