दोनदा मोजलेला हेलियम

माझ्या दीर्घिकेने मला तोंडघशी पाडलं होतं. ही विश्वाच्या अगदी बालपणातली दीर्घिका. तिच्यातलं साधं द्रव्य, म्हणजे तुम्हीआम्ही ज्याचे बनलोय ते, ताऱ्यांत किती आणि वायूत किती, हे मी पीएचडीसाठी मोजत होते. दोन्हींची बेरीज दीर्घिकेच्या एकूण वजनापेक्षा जास्त येत होती. वजन काढलं होतं तिच्या फिरण्याच्या वेगावरून, त्यात खोट नव्हती. बारा हात काकडी आणि तेरा हात बी! माझ्या मार्गदर्शक सरांनी शांतपणे सांगितलं, सोमवारपर्यंत चूक सापडली नाही तर परिषदेत या दीर्घिकेवर बोलायचं नाही. मी तोंड पाडून भिसेगावला घरी आले.

आमच्या घराला एक खोड आहे. शिजत्या भांड्यात मीठ पडलंय यावर कुणाचाच विश्वास नसतो. जवळून जाणारा आपलं मीठ टाकूनच पुढे जातो. रविवारी आमटीत आईने टाकलं, मग वहिनीने. पहिल्याच घासाला बाबांनी तांब्या तोंडाला लावला.

वहिनी म्हणाली, "आई, तुमी टाकलं व्हतं तर सांगायचं ना."

मी घास तसाच ठेवून उठले. थंड हायड्रोजन थेट दिसत नाही. त्यात मिसळलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या प्रकाशाला एका ठरलेल्या आकड्याने गुणून हायड्रोजनचं वजन काढतात आणि वर सोबतच्या हेलियमची भर घालतात. मी ती इमानेइतबारे घातली होती. पण मी वापरलेल्या आकड्यात ती आधीच धरलेली होती! खरकट्या हातानेच लॅपटॉप उघडला आणि जादा भर काढली. बेरीज वजनात बसली, आणि तरीही वायू ताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. मी आईला धरून गरगर फिरवलं, वहिनीला त्या खारट आमटीबद्दल मिठी मारली. फोनवर सर हसत सुटले आणि परिषदेत बोल म्हणाले. मला पोटभर आनंद झाला होता, जेवण कुणाला हवं होतं!

बाबा रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, ते हे सगळं मजेत बघत होते. मी जरा ताळ्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, एवढं निघालं तरी काय. मी म्हटलं, द्रव्य पुष्कळ आहे, पण बहुतेक सगळं अजून वायूच आहे, तारे थोडेच झालेत.

"मंजे व्हायचे हायेत अजून," बाबा म्हणाले. "वेळ हाय तिला."

मी हसले, आणि मग एकदम लक्षात आलं. मुलीचं शिक्षण संपणार कधी, लग्न कधी, असं विचारणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला बाबा इतकी वर्षं हेच सांगत आलेत, अगदी याच आवाजात.