आत्याच्या पत्त्यातलं दार

अख्ख्या इंदुरात घरात टॅरोचे पत्ते बाळगून कुणाचंही भविष्य न सांगणारी एकच बाई असेल, आणि ती म्हणजे माझी आत्या. राजेंद्र नगरात राहणारी, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली ही बाई टॅरो शिकत होती ती युरोपातल्या जुन्या विधिविद्येच्या वाटेने. म्हणजे मंडल, दिशा, धूप, सगळं साग्रसंगीत. शेजारच्या काकू मुलीचं लग्न कधी जमेल ते विचारायला आल्या, तर आत्याने त्यांच्यापुढे एक पत्ता ठेवला. "आधी महिनाभर रोज हा बघत बसा, फिर देखते हैं." काकू चहासुद्धा न पिता गेल्या. सकाळी आत्या अंगणात रांगोळीचं वर्तुळ काढून, मध्ये उभी राहून चारही दिशांना वंदन करायची. अग्नीची दिशा दक्षिण, हे तिला पाठ करावंच लागलं नाही. "तिकडे महू आहे, फौज आहे, आग असणारच ना!" कामाच्या बाई त्या वर्तुळावर भक्तिभावाने हळदकुंकू वाहायच्या आणि आत्या त्यांना कधी अडवत नसे. धुपासाठी आम्ही सियागंजात गेलो, तेव्हा दुकानदाराने विचारलं, "आंटीजी, पूजा कौनसी है?" आत्या म्हणाली, "पूजा नहीं भिया, पढ़ाई है." त्याने धुपाबरोबर मूठभर कापूर फुकट दिला.

रंगीत पत्ते बाजारात मिळत असताना हिने नुसत्या रेघांचे मागवले, कारण या विद्येत आपले पत्ते आपणच रंगवायचे आणि त्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. मी एकदा पत्ता उचलायला गेलो, तर तिने माझ्या हातावर फटकाच मारला. रंगवलेला पत्ता, सूर्याचा म्हणा, चंद्राचा म्हणा, समोर ठेवायचा, डोळे मिटायचे, त्या चित्राला दार समजून मनाने आत चालत जायचं आणि गेलेल्या वाटेनेच परत यायचं. मी तेव्हा तिच्याकडेच राहत असल्यामुळे तिचे फोन मी घ्यायचो. "आत्या चंद्रात गेलीय, येईल थोड्या वेळाने." गॅसवरचं दूध तर कितीदा उतू गेलं. पण परतल्यावर तिचा चेहरा इतका निवांत असे, की रागवायचं राहूनच जाई.

'विश्व' हा शेवटचा पत्ता तेवढा रंगवायचा राहिला आणि आत्याच्या नजरेत मधोमध काळा डाग दिसू लागला. डॉक्टर म्हणाले, तो वाढतच जाणार. "रेघच सापडत नाही रे," ती म्हणाली. "एवढ्यासाठी सगळं अर्धवट राहील."

एका दुपारी तिने तो पत्ता आणि कुंचला माझ्या हातात दिला. मी हात मागे घेतला. "घे ना," ती म्हणाली. "तुझा हात म्हणजे माझाच." ती डोळे मिटून रंग सांगत गेली, मी भरत गेलो. मध्ये नाचणारी बाई, भोवती पानांचा हिरवा हार. झाल्यावर मी म्हटलं, "बघ ना, जमलंय का." तिने डोळे उघडलेच नाहीत. बराच वेळ तशीच बसली आणि मग म्हणाली, "हाराचं डावीकडचं एक पान राहिलंय."

मी पाहिलं. खरंच राहिलं होतं. मी कुंचला बुडवला, तशी ती म्हणाली, "राहू दे. परत येताना दार ओळखायला बरं पडेल."

आता तिला पत्ते दिसत नाहीत, पण दुपारी ती आत जातेच. दूध मी बघतो.