शौर्यचं जावळ आणि माझं डोकं

यापुढं कुणाच्याही केसांची जबाबदारी माझ्यावर टाकायची नाही, असा ठराव आमच्या घरात एकमतानं मंजूर झालेला आहे. ठरावाच्या बाजूनं सगळ्यात आधी हात मीच वर केला.

त्याचं असं झालं. माझ्या ताईचा मुलगा शौर्य पाच वर्षांचा झाला, तरी त्याच्या केसांना कात्री लागली नव्हती. ताईच्या सासूबाईंनी नवस बोलला होता, की नातवाचं जावळ पाचव्या वर्षी पैठणजवळच्या आपल्या गावी, देवीपुढं, मामाच्या मांडीवर बसवून काढू. तोवर एक केस कापायचा नाही. त्यामुळं पोराचे केस कमरेला टेकले होते. दोन वेण्या घालून तो क्रिकेट खेळायचा आणि कुणी ‘बेबी’ म्हटलं की बॅट घेऊन त्याच्या मागं लागायचा.

यंदा मे महिन्यात मुहूर्त निघाला. जेवणावळीची तयारी करायला ताई पुढं सासरी गेली आणि शौर्यला आमच्याकडं संभाजीनगरला ठेवून गेली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, “बाळू, इतकी वर्षं जपलेत. केसाला धक्का लागला तर सासूबाई मला जन्मभर ऐकवतील, आणि मी तुला.”

मी नुसता हसलो. केसांच्या बाबतीत मी स्वतःला अधिकारी माणूस समजत असे. पन्नाशी जवळ आली तरी माझं डोकं घनदाट होतं. (काळेपणा कलपाच्या डबीतून यायचा, पण घनदाटपणा माझा स्वतःचा होता!)

आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्यालाच माहीत. पोर घरात थांबेना. मी त्याला जवळच्या स्विमिंग पूलवर नेलं. दोघं मनसोक्त डुंबलो आणि ओल्या डोक्यानं, भर उन्हात, स्कूटरवरून घरी आलो. दारात माझ्या बायकोनं, संगीतानं, शौर्यच्या वेणीला हात लावला आणि ती वेणी माझ्या नाकासमोर धरली.

“अहो, हे केस आहेत का काथ्या?”

मग तिनं मला समोर बसवून समजावलं. क्लोरीनच्या पाण्यानं केस राठ होतात, वर ऊन लागलं की तुटायला लागतात. पाण्यात उतरण्याआधी केस साध्या पाण्यानं भिजवायचे, तेल लावायचं, वेण्या घट्ट घालायच्या, वर टोपी. बाहेर आलं की लगेच धुवायचे आणि उन्हात डोकं झाकायचं. नाहीतर पोहायला न्यायचंच नाही. हा शेवटचा उपाय सगळ्यात सोपा होता, पण शौर्य दुसऱ्या दिवशी पहाटेच चड्डी घालून दारात उभा राहिला.

उपायांना त्याची ना नव्हती. फक्त एक अट होती: जे काही करायचं ते आधी मामाला करायचं, आणि मामानं तोंड वाकडं करायचं नाही.

तेल लावून घेण्यात किती मजा असते हे दाखवण्यासाठी मी खोबरेल तेलाची अख्खी वाटी डोक्यावर ओतून घेतली. त्यानं कौतुकानं बघितलं आणि स्वतः चमचाभर लावून घेतलं. पाण्यात उतरलो तर माझ्याभोवती तेलाचा गोल तवंग पसरायला लागला. मी जाईन तिकडं तो माझ्या मागं! आजूबाजूची मंडळी काठाला सरकली. पूलवरचा जीवरक्षक वाकून, फार अदबीनं म्हणाला, “चचा, तेल लगाको आए, या तेल में डूबको आए?”

म्हणून गुलमंडीच्या बाजारातून रबरी टोप्या आणल्या. दुकानात फक्त लहान मुलांच्या होत्या, पण ताणली की कुणालाही बसते असं दुकानदार म्हणाला. बसली. मात्र माझ्या भुवया कपाळाच्या मध्यावर जाऊन थांबल्या, आणि पूलवरचा जो तो मला, “काय झालं?” असं विचारू लागला. टोपी काढताना केस टोपीबरोबर यायचे. संगीता ते रोज वेचून काढायची.

मग आली ओढणी. आमच्या गावात पोरी स्कूटर चालवताना फक्त डोळे उघडे ठेवून तोंड-डोकं गुंडाळतात, तसंच शौर्यला गुंडाळायचं ठरलं. म्हणजे आधी मला! संगीताच्या फुलाफुलांच्या ओढणीत मी क्रांती चौकातल्या सिग्नलला उभा असताना शेजारी आमच्या साहेबांची गाडी थांबली. मी मान वळवली, पण पोट वळवता आलं नाही. साहेबांनी काच खाली केली आणि तापाची रजा संपली की भेटा, एवढंच सांगितलं.

उष्णता बाधू नये म्हणून संगीतानं दह्यात मेंदी कालवली. तोवर क्लोरीननं माझा कलप जागोजागी उतरवला होता आणि मेंदी त्यातल्या काहीच जागी चढली. कानामागं काळं, टाळूवर पांढरं, कपाळापाशी भगवं असं माझं डोकं तयार झालं. शौर्यला ते इतकं आवडलं, की त्यानं स्वतःच्या वाट्याची मेंदीही मलाच लावली.

इतकं करूनही व्हायचं ते झालंच. शेवटच्या दिवशी पठ्ठ्यानं माझी नजर चुकवून टोपी भिरकावली, वेण्या सोडल्या आणि तासभर सूर मारत राहिला. घरी आलो तेव्हा त्याच्या डोक्यावर सुगरणीचं घरटं होतं. कंगव्याचे दात मोडले. ब्यूटी पार्लरवाल्या बाई बघून म्हणाल्या, कापल्याशिवाय सुटणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी तर जावळ! संध्याकाळी ताईचा व्हिडिओ कॉल आला तो मी रेंज नाही म्हणून कापला. खरं सांगतो, त्या दिवशी मी घाबरलो. सासूबाईंपुढं मान खाली घालून उभी असलेली ताई डोळ्यांसमोरून हलेना.

तेल लावून, एकेक बट सोडवत बसणं एवढाच मार्ग उरला. पहिल्या हिसक्यालाच शौर्य पलंगाखाली शिरला. बऱ्याच वाटाघाटी झाल्या. संगीतानं त्याच्या केसांतून एकदा कंगवा फिरवला की त्यानं माझ्या केसांतून एकदा फणी फिरवायची, या बोलीवर तो बाहेर आला. पोराच्या हाताला दयामाया नव्हती. त्याचा गुंता सुटत चालला आणि माझे केस, आठवडाभर सगळं सोसलेले, फणीबरोबर निघत चालले.

मध्येच संगीता थांबली. “अहो, बास. तुमचे संपत आले.”

“त्याचे?”

“त्याचा थोडाच राहिलाय गुंता.”

“मग चालू दे,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी देवीपुढं शौर्यचे केस असे चमकत होते, की गावातल्या बायका हात लावून बघत होत्या. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, “मामानं लेकराला लई जपलं बगा.” ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मी क्रिकेटची टोपी घालूनच मांडी ठोकून बसलो, शौर्यला मांडीवर घेतलं. जावळाचा केस जमिनीवर पडू द्यायचा नसतो, म्हणून त्याची आत्या समोर पदर पसरून बसली.

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, देवीपुढं टोपी काढा. मी काढली.

म्हाताऱ्या न्हाव्यानं वस्तरा पाण्यात बुडवला. शौर्यच्या डोक्याकडं बघितलं. माझ्या डोक्याकडं बघितलं. पुन्हा शौर्यच्या डोक्याकडं बघितलं.

“पाव्हणं,” तो म्हणाला, “नवस नेमका कुणाच्या डोक्याचा व्हता?”

शेवटी सगळ्यांच्या आग्रहावरून दोन्ही डोकी झाली. शौर्यची एकेक बट आत्यानं पदरात अलगद झेलली. मग मी पुढं सरकलो, तशी तिनं पदर गोळा करून कमरेला खोचला आणि म्हणाली, “मामा, तुमचे पडू द्या खाली.”