पाणी बंद

"इसकी कुर्सी दीवार की तरफ घुमाओ," मॅनेजर म्हणाला. "आज से इसका पानी बंद."

मी खुर्चीवर बसलेलीच होते. दोघांनी खुर्ची माझ्यासकट फिरवली. समोर पोपडे निघालेली भिंत आली, पाठीमागे सगळं ऑफिस. कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले, कारण मॅनेजर हसत होता.

इकडे हिंदी मुलखात, भनपुरीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी बिल्टी बनवायचे. कोणाचा माल, कोणत्या गाडीत, कुठे चालला, त्याची पावती म्हणजे बिल्टी. माझा गुन्हा सांगते. एका व्यापाऱ्याचा फोन स्पीकरवर होता. मॅनेजर त्याला सांगत होता, "गाड़ी तो सुबह ही निकल गई, भैया." गाडी खिडकीतून दिसत होती, अर्धी रिकामी. मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. "है ना, मैडम?" आणि मी म्हणाले, "नहीं सर, अभी तो खड़ी है." ट्रान्सपोर्टच्या धंद्यात गाडी नेहमी निघालेलीच असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं. पण तोंडातून खरं निघून गेलं.

पाणी बंद ही त्याची लाडकी शिक्षा. इकडच्या गावांत जातीचे पंच एखाद्या घराचं हुक्का-पानी बंद करतात. त्या घराशी कोणी बोलत नाही, कोणी त्यांच्या मयतालाही जात नाही. मॅनेजरने ते गंमत म्हणून ऑफिसात आणलं होतं. ज्याचं पाणी बंद, त्याची खुर्ची भिंतीकडे. त्याला चहा नाही, त्याच्याशी बोलणं नाही. जो बोलेल त्याचंही बंद.

बाकीच्यांचं संध्याकाळपर्यंत उघडायचं. माझं उघडलं नाही.

मॅनेजर मराठीच. शहराच्या जुन्या भागातलं, बूढ़ापाऱ्यातलं घराणं, मराठ्यांच्या राज्यात इथे आलेलं. हे तो आल्यागेल्याला ऐकवायचा. आम्ही विदर्भातून मागाहून आलेले, निळ्या झेंड्याच्या वस्तीतले. माझं आडनाव ऐकून पहिल्याच दिवशी त्याने ते ओळखलं होतं. पाणी बंदच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्या कानाशी वाकला आणि मराठीत बोलला. बाकीच्यांना कळू नये म्हणून मराठीत.

"तुमच्या लोकायले तर सवयच असन न पाणी बंदची."

माझ्या आजीने तहानेली पोरं काखेत घेऊन दुसऱ्यांच्या विहिरीवर हात पसरले होते. कोणी वरून ओतेल तेवढंच प्यायचं. ते त्याला माहीत होतं, म्हणून तर तो बोलला. असा राग आला मला, की उठून त्याची कॉलर धरावी. पण बिल्टीच बनवत राहिले.

घरी यातलं काही सांगितलं नाही. वस्तीत ऑफिसात बसून काम करणारी मी एकटीच बाई. लोक आपल्या पोरींना माझं उदाहरण द्यायचे. कोणत्या तोंडाने सांगणार होते, की मला भिंतीकडे तोंड करून बसवतात? नवऱ्याने विचारलं, "काहून जेवून नाही राहिली?" मी म्हणाले, "गॅस झाला." झोप उडाली. पडल्या पडल्या छातीत धडधड व्हायची, जिना चढून आल्यासारखी. बी.पी.ची गोळी चालू होती, तिच्याकडेही लक्ष राहिलं नाही. दिवसभर एकही माणूस माझ्याशी बोलत नव्हता. मग मी स्वतःशीच बोलायला लागले. मॅनेजरला मनात उत्तरं द्यायचे, भांडायचे, आणि प्रत्यक्षात भिंतीकडे बघत बिल्ट्या बनवायचे.

असा आठवडा गेला. एका दुपारी पाठीत दुखायला लागलं. मग जबड्यात. कूलर चालू होता, तरी ब्लाउज घामाने भिजला. मी भिंतीकडे बघतच म्हणाले, "मले बरं वाटून नाही राहिलं." मग हिंदीत म्हणाले, सगळ्यांना कळावं म्हणून. "तबीयत ठीक नहीं लग रही."

कोणी हललं नाही.

माझ्या सगळ्यात जवळ वर्माजी बसायचे. म्हातारे कारकून, निवृत्तीला आलेले. पूर्वी डब्यातलं लोणचं द्यायचे. मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझा चेहरा बघितला, नक्की बघितला, आणि कीबोर्ड आपल्याकडे ओढून टाईप करायला लागले. मॅनेजरचा आवाज आला, "नाटक है. देखो कोई मत उसको."

मी खुर्चीवरून पडले.

गोदामात माल उचलणारी सुकवारो पाण्याची बाटली भरायला आत आली होती. ऑफिसची ती नव्हेच, तिला कोण कशाला बंदी सांगणार? ती ओरडली, "का होगे दीदी?" तिने माझं डोकं मांडीवर घेतलं, बाटलीतल्या पाण्याने तोंड पुसलं, बाहेर पळून रिक्षा थांबवली. मला खांद्यावर टाकून नेलं म्हणतात. एवढ्या माणसांतून दारापर्यंत कोणी हात लावला नाही. सुकवारोची त्या दिवशीची हजेरी मात्र कापली.

हार्ट अटॅक होता. सरकारी दवाखान्यात नळी मोकळी केली. मला तपासणारी डॉक्टर माझ्यापेक्षा कितीतरी लहान होती. बी.पी.बद्दल रागावली, गोळ्यांबद्दल रागावली, आणि मग विचारलं, "काम पर कोई है जिससे आप बात करती हैं?" मी रडायलाच लागले. तिने रडू दिलं. मग म्हणाली, शरीराला रोज वाटतं की कोणीतरी मारायला येतंय, म्हणून बी.पी. चढतं, नाडी धावते, आणि आधीच अडलेल्या नळीला ते झेपत नाही. एकटेपणाचा भारही हृदयावर पडतो. निघताना तिनेही तेच सांगितलं जे सगळे सांगतात. "टेंशन मत लीजिए."

टेन्शन मी घेत नव्हते, बाई. मला दिलं जात होतं. रोज, ऑफिसच्या वेळेत.

वॉर्डात वस्तीतल्या बाया पाळीपाळीने येऊन बसल्या. विहारातली सगळ्यात म्हातारी बाई, तिला आम्ही सगळे माय म्हणतो, माझा हात धरून चिडली. "काहून सांगतलं नाही वं पोट्टी? आम्ही का मेलो होतो?" मी तिला सगळं सांगितलं. भिंत, खुर्ची, त्याचं ते वाक्य, सगळं. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

मग मी परत कामावर गेले. घरातले नको म्हणत होते. डॉक्टरने परवानगी दिली होती, आणि मला पळून जायचं नव्हतं. मॅनेजर हसून म्हणाला, "भई, मैडम से कोई ऊँचा मत बोलना. दिल की मरीज है." सगळे हसले. माझी खुर्ची मात्र आता सरळ होती, चहाही मिळत होता. काही दिवसांनी वर्माजींनी एका गाडीचा नंबर चुकवला. मॅनेजर माझ्याकडे वळला. मुद्दाम माझ्याकडेच.

"मैडम, जरा वर्माजी की कुर्सी घुमाओ."

मी उठले. वर्माजी मान खाली घालून बसले होते. त्यांना मी माफ केलेलं नाही. मी मरत होते आणि ते टाईप करत होते, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी माझी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी लावली. माझा चहा त्यांच्यापुढे ठेवला. ते कुजबुजले, "उधर बैठिए ना, मैडम. मेरी नौकरी जाएगी." आणि स्वतःच खुर्ची सरकवून माझ्यापासून लांब झाले. मी पुन्हा सरकले.

"तुमचंही बंद करू का?" मॅनेजरने मराठीत विचारलं.

छाती धडधडत होती. भीती वाटली, की आता इथेच परत पडते. तरी मी हिंदीत बोलले, एकूण एकाला कळेल अशा आवाजात.

"पानी आपके बाप का नहीं है, साहब. और आपने मेरे कान में जो कहा था, वो अब सबके सामने कहिए."

तो टेबलावरच्या फायली चाळायला लागला. मग मीच ते वाक्य मोठ्याने सांगितलं. आधी मराठीत, मग हिंदीत. यावेळी कोणी हसलं नाही. कोणी माझ्या बाजूने उभंही राहिलं नाही. वर्माजींचा चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढल्याचा निरोप आला. मी माय, नवरा आणि सुकवारोला घेऊन पोलीस ठाण्यात गेले आणि त्याच्या नावाने तक्रार लिहून दिली. समजूत घालायला त्याची माणसं दोनदा घरी येऊन गेली. "तबीयत का खयाल रखो, केस में टेंशन होगा," म्हणाले. मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. टेन्शन होईल, मला माहीत आहे. गोळी खाऊन कोर्टात जाईन. त्याने जे फक्त मला ऐकवलं, ते न्यायाधीशासमोर त्याच्या तोंडून वदवून घेईन.